भागाकाराच्या वेळी मी बाहेर उभा होतो

नालवाडीच्या मशीन-मास्तराने आम्हा सातही जणांना फसवले. मी कोणालाही फसवले नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वर्धा जिल्ह्यात अजून दोन-चार म्हातारे शिल्लक आहेत, जे ही गोष्ट उलटी करून सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात.

माझी नात पुण्यात प्रोग्रॅमिंग शिकते. तिला बँकेत, पैशाच्या कारभारात नोकरी हवी आहे. परवा मी तिच्या पडद्याकडे बघत बसलो तर म्हणाली, "आबा, तुम्हाला नाही कळायचं ते." मी गप्प बसलो. माझ्या स्वभावाच्या माणसाला गप्प बसणे किती जड जाते ते घरच्यांना विचारा. तिचा बाप जन्माला यायच्या आधी मी हेच शिकलो होतो, पैशाच्याच कारभारासाठी. फक्त आमच्याकडे पडदा नव्हता. बाज होती.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आगेमागेचा तो काळ. मी नाचणगावचा. पुलगावात ढेप, म्हणजे गुरांची पेंड, आणि सरकी विकत घ्यायची, सायकलवर लादायची आणि गावोगाव गुरेवाल्यांना विकायची, हा माझा धंदा. मॅट्रिक झालो होतो, पण मॅट्रिकचा कागद दाखवून कोणी ढेप जास्त भावाने घेत नाही. भाव करावा लागतो. भाव करण्यात माझ्या तोडीचा माणूस पुलगाव ते देवळी रस्त्यावर नव्हता, हे माझे वैरीसुद्धा मान्य करत.

माझ्या सायकलचे कॅरियर मी पुलगावच्या लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतले होते. त्याच्यावर ढेपेची दोन पोती बसत. सायकल कोणाचीही असते, असे कॅरियर कोणाचेच नव्हते.

अशात बातमी आली की नागपूरच्या एका विमा कचेरीत हिशेबाचे मशीन आले आहे. भोके पाडलेले पुठ्ठ्याचे कार्ड त्यात घालायचे आणि मशीन आपोआप बेरजा छापून देते. पण कशाची बेरीज करायची हे मशीनला अगोदर सांगावे लागते. ज्याला ते सांगता येईल, अशा एका माणसाची त्यांना गरज होती. त्याला पगार, पेन्शन आणि पंख्याखालची खुर्ची. मे महिन्यात देवळीच्या रस्त्यावर ढेप ओढणाऱ्याला पंख्याखालची खुर्ची म्हणजे काय, हे समजावून सांगायला लागत नाही. मला ती खुर्ची हवी होती. तेव्हाही हवी होती आणि आज तिच्यावरूनच बोलणे ऐकून घेतो आहे.

हे काम शिकवणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच. तो कलकत्त्याला एका कंपनीच्या मशीनखोलीत बरीच वर्षे होता आणि आता नालवाडीला घरी परत आला होता. मी सायकल मारत त्याच्याकडे गेलो. अंगणात बाजेवर पडून तो आंबा चोखत होता.

"मशीन कुठं हाये?" मी विचारले.

"मशीन कलकत्त्याले."

"मंग शिकवता काह्यावर?"

त्याने कोय बाजूला ठेवली, बाज उभी केली आणि भिंतीला टेकवली. "ह्याच्यावर."

मला वाटले उन्हाने हा भ्रमिष्ट झाला आहे. पण त्याने समजावून सांगितले ते खरे होते, हे मी पुढे नोकरीत स्वतः पाहिले. मशीनला एक फळी असते, तिला शेकडो भोके असतात. वरची भोके कार्डाची, खालची बेरजेच्या चाकांची. मधून तारा न्यायच्या. कोणती तार कुठून कुठे नेली, त्यावर मशीन कोणते काम करणार ते ठरते. विद्या एवढीच. सुतळीने विणलेल्या बाजेला भोके असतातच. तारांच्या जागी तो दुसरी सुतळी वापरत असे.

मग फीचे निघाले. त्याचे लक्ष मघापासून माझ्या सायकलवर होते.

"सायकल द्या," तो म्हणाला. "पूर्न विद्या देतो."

"सायकल देतो. कॅरियर नाई देनार."

"कॅरियरच त पायजे मले. आमची बाई बसन मांगं. बाजारात न्या लागते तिले."

"बाई पुढं बसवा."

"तुमची बसते का पुढं?"

मी चिडलो. तोही चिडला. मी उठून फाटकापर्यंत गेलो, तो मला हाक मारणार म्हणून. त्याने मारली. मी परत आलो. पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "बरं भाऊ. कॅरियर ठेवा तुमच्याजवळ. पन भाव कमी केला त मालही कमी भेटन. काहीतरी कापा लागन मले."

"कापा काय कापाचं ते," मी म्हणालो.

हे माझे शब्द. यावरूनच सारे माझ्यावर घसरतात. पण मला सांगा, भाव करताना दुकानदार असे म्हणतोच ना? 'कमी केलं त कमी भेटन' हे पुलगावचे सगळे व्यापारी म्हणतात आणि माल पुरता देतात. ही बोलायची रीत आहे. हा माणूस खरेच कापील हे मला कसे कळावे?

सायकल तिथेच सोडली. कॅरियर पान्याने काढले, पंच्याने पाठीला बांधले आणि वर्धा स्टेशनवर आलो. गाडीत लोक मला जागा देईनात. एकाने विचारले, "हे काय लेका, तुयावर कोन बसते?"

क्लास सुरू झाला. आम्ही सात जण. त्यातले दोघेच इथे सांगण्यासारखे. एक नालवाडीचे गुरुजी, शाळेत शिकवणारे, वयाने मोठे, टोपी कधी न काढणारे. दुसरा समुद्रपूरच्या गाडीवरचा कंडक्टर. कार्डांना भोके पाडायला त्याचा तिकिटाचा चिमटा कामी येई. कार्डे म्हणजे गावातल्या लग्नांच्या जुन्या पत्रिका. त्यामुळे आमची बेरीज नेहमी कोणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर होत असे.

मशीनची चाके आम्ही. अंगणात रांगेने उभे राहायचे. उजव्या टोकाला मी, म्हणजे एकक. माझ्या डावीकडे गुरुजी, दशक. त्यांच्या पलीकडे कंडक्टर, शतक. मग हजार, दहा हजार, असे. प्रत्येकाच्या मनगटाला सुतळी बांधलेली. ती बाजेच्या भोकांतून मास्तराच्या हातात. कार्डावरचे भोक बघून मास्तर सुतळीला तितके हिसके देई आणि आपण तितकी बोटे उघडायची. नऊच्या पुढे गेले की बोटे मिटायची आणि शेजारच्याला कोपर मारायचे. तो हातचा.

आता विचार करा, सर्वांत जास्त हातचे कोणाकडून जाणार? एककाकडून. आणि कोणाला? गुरुजींना. मी काम मनापासून करणारा माणूस. हातचा द्यायचा तर तो पोचला पाहिजे. दुसऱ्या आठवड्यापासून गुरुजी सदऱ्याच्या आत उपरणे घडी करून बांधून यायला लागले.

"जरा हळू मारा ना भाऊ," ते म्हणत.

"हळू मारला त तुमी घेत नाई गुरुजी. काल तुमी हातचा खाल्ला."

"मी खाल्ला? माह्या बरगडीले इचारा!"

तरी काम जमत गेले. मास्तर सांगे, "विम्याचा हप्ता या भोकातून त्या चाकावर न्या," की आम्ही पाळीपाळीने बाजेत सुतळी ओवायचो. ओवणाऱ्याच्या जागी तेवढा वेळ मास्तराची बायको उभी राही. ओवलेले बरोबर असले की बरोबर बेरीज येई. एखादे वेळी रात्रभर मास्तर त्याच बाजेवर झोपे आणि सकाळी पाहावे तर सुतळ्या सरकलेल्या. मग सावंगीच्या माणसाचा हप्ता हिंगणघाटच्या माणसाच्या नावावर चढे. मास्तर बायकोला म्हणे, "मी काल कड पलटली का वं?" ती म्हणे, "लय डाव." मग पुन्हा सगळे ओवायचे.

ती बाई माझ्यावर पहिल्या दिवसापासून डूख धरून होती. नवरा सायकलवर बसून बाजाराला जाई आणि ही मागे चालत जाई. सगळ्यांना चहा, मला नाही. एकदा मी मागितला तर म्हणाली, "माही बसाची जागा तुमच्या घरी टांगून हाये. तिलेच चहा मांगा."

बेरीज झाली, वजाबाकी झाली. मग एका सकाळी मास्तर म्हणाला, "आजपासून भागाकार. वर्साचा हप्ता बारा महिन्यांत कसा वाटाचा ते. हा शेवटचा अन् मोठा पाठ." आणि माझ्याकडे वळून, "तुमी भाईर उभे राहा."

"काऊन?"

"कापाचं म्हनलं होतं ना तुमी? मी भागाकार कापला. कॅरियर नाई त भागाकार नाई."

माझा संताप काय वर्णावा! मी म्हणालो, हे सौद्यात नव्हते. तो म्हणाला, 'कापा काय कापाचं ते' हे शब्द कोणाचे? कंडक्टर म्हणाला, "द्या ना भाऊ कॅरियर. तसंही सायकल नाई तुमच्यापाशी." हेच मला सहन झाले नाही. ज्या दिवशी भाव ठरला, त्या दिवशी ठरला. नंतर वाढवून द्यायची सवय लावली तर उद्या गुरेवालाही घासून घेईल. मी कॅरियर देणार नाही म्हणालो.

"मंग कडुलिंबाखाली जा," मास्तर म्हणाला. "अन् पाठ फिरवून उभं राहाचं. फुकटात पाह्यलं त चोरी होईन."

"पाठ फिरवीन. कान काय कापून देऊ? कानाचं ठरलं नाई."

त्यावर मास्तराने जरा विचार केला आणि सगळ्यांना सांगितले की भागाकार मुक्याने होईल, कोणी बोलायचे नाही.

तो सगळा पाठ मी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली पाठ फिरवून उभा होतो. मागे अंगणात सहा माणसे आणि मास्तर, एक शब्द न बोलता सुतळ्या ओढताहेत. मध्येच कोपराचा आवाज, मध्येच कोणाचे "आई गं". त्यावर मास्तराचे "शू!" रस्त्याने जाणारे थांबून बघत. एका म्हातारीने मला विचारले, "कोन गेलं रे बावा घरात?"

माझ्या जागेवर मास्तराने पाण्याची पितळी घागर ठेवली होती आणि माझी सुतळी तिच्या गळ्याला बांधली होती. हे मला नंतर कळले. आता घागर बोटे उघडत नाही आणि कोपरही मारत नाही. म्हणजे हे लोक अख्खा भागाकार एककाशिवाय शिकले. आणि बोलायची बंदी असल्यामुळे कोणी विचारलेही नाही की एकक कुठे आहे. त्यांनी आपापल्या मनाशी समजूत करून घेतली. काय समजूत, ते नागपूरला उघडे पडले.

परीक्षेला आम्ही सातही जण एकाच गाडीने नागपूरला गेलो. कचेरी मोठी, पंखे खरेच फिरत होते. मशीनखोलीत ते यंत्र पाहिले. एखाद्या बैलबंडीएवढे लोखंड. त्याच्या कुशीला काळी फळी, तिच्यावर भोकेच भोके. एकूण एक ओळखीची. मी मनात म्हणालो, ही तर आपली बाज.

साहेब हिंदी बोलणारे, चष्मेवाले, सौम्य माणूस. त्यांनी बेरजेची फळी जोडायला सांगितली. सातही जणांनी ती बिनचूक जोडली. हे मास्तराचे श्रेय, ते मी नाकारत नाही. साहेब चकित झाले. "मशीन कहाँ देखा तुम लोगों ने?" त्यांनी विचारले. "नहीं देखा साहब," कंडक्टर म्हणाला, "हमही थे."

साहेबांना काय कळले देव जाणे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतले. मग म्हणाले, "भागाकार किसको आता है?"

सहा हात वर गेले. माझा खाली. त्या क्षणी मला खुर्ची गेलेली दिसली. पंखा, पेन्शन, सगळे एका कॅरियरपायी गेले.

"बताइए," साहेब गुरुजींना म्हणाले.

गुरुजींनी टोपी सारखी केली. वर्गात सांगतात तशा आवाजात सांगितले, "भागाकार में पहले एकक को बाहर निकालना पडता है."

"बाहर? कहाँ बाहर?"

"झाड के नीचे, साहब. पीठ करके खडा रहता है."

"क्यों?"

गुरुजी अडले. नियम माहीत होता, कारण कोणी शिकवले नव्हते. तेव्हा मदतीला कंडक्टर धावला. "उसका कॅरियर बाकी है, साहब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "और कोई बोलता क्यों नहीं? धीरे क्यों बोल रहे हो?" त्यांनी विचारले, कारण बाकीचे चौघे नुसते ओठ हलवत होते.

"भागाकार मुका रहता है," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ये एकक कौन है?"

मी हात वर केला.

"तुम बाहर थे?"

"हो साहेब. कडुलिंबाखाली."

"भागाकार नहीं आता?"

"नाई साहेब. मले देल्लाच नाई."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून गुरुजींनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. साहेब म्हणाले, हे मशीन बेरीज करते, वजाबाकी करते. भागाकार करतच नाही. तो बाबू लोक हाताने करतात, बाजूच्या खोलीत. येत नाही असे कोण सांगतो, ते बघायलाच विचारले होते. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इन सबको पहले भुलाना पडेगा. इसको कुछ भुलाना नहीं है. तुम रहो."

अशी ती खुर्ची मला मिळाली. पंख्याखालची, भिंतीकडेची. तिच्यावर मी निवृत्त होईपर्यंत बसलो, आणि माझ्या हातची फळी कधी चुकली असे कोणी दाखवून द्यावे.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण त्या दिवशी आम्ही सगळे एकाच गाडीने परत आलो. बुटीबोरीपर्यंत कोणी बोलले नाही. मला वाटले भागाकाराची सवय सुटली नसेल. मग गुरुजी म्हणाले, "मास्तरले काय देल्लं तुमी, खरं सांगा."

"सायकल. तुमच्या डोळ्यांपुढं उभी असते."

"आमी सारी फी देल्ली, आमाले भागाकार भेटला अन् घरी चाललो. तुमी कमी देल्लं, अन् नोकरी तुमाले. हे असं होते का कुठं? मास्तरनं तुमाले आधीच सांगून ठेवलं होतं, मशीन भागाकार करत नाई म्हनून. ते उभं राह्यनं सारं नाटक."

"नाटक? उन्हात उभा होतो मी!"

"नाटकात राहा लागते उभं," कंडक्टर म्हणाला.

मी त्याची गचांडी धरली. सिंदीला टीसी आला म्हणून सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नालवाडीला गेलो. मास्तर बाजेवर. मी सरळ विचारले, "मशीन भागाकार करत नाई, हे तुमाले माहीत होतं का?"

तो उठून बसला. हसला. "माहीत होतं म्हनूनच त तुमाले भाईर काढलं भाऊ. तुमाले नोकरी लावून देल्ली मी. आता त कॅरियर आना."

मला क्षणभर खरेच वाटले. पण संध्याकाळी स्टेशनवर गुरुजी भेटले. तेही मास्तराकडे जाऊन आले होते. त्यांना मास्तर काय म्हणाला? "मले काय माहीत गुरुजी! कलकत्त्याचं मशीन सारं करे. नागपूरवाल्याईनं सस्तं घेतलं असन." आणि वर म्हणाला, "पन त्या ढेपवाल्याले कसं माहीत झालं, ते त्यालेच इचारा."

आता पाहा. त्याला माहीत असेल, तर त्याने सहा जणांची पूर्ण फी घेऊन त्यांना नसलेली वस्तू विकली. माहीत नसेल, तर त्याने मला सौद्याबाहेर उन्हात उभे केले, आणि माझी खुर्ची त्याची कृपा नाही, माझी स्वतःची आहे. दोन्हींतले एकच खरे असू शकते. आणि दोन्हींत लबाड मी ठरत नाही. तरी जिल्ह्यात लबाड मीच ठरलो. निवृत्तीच्या समारंभाला वर्ध्याचा कोणी पाहुणा आला होता. तो भाषणात म्हणाला, "यांनी एका कॅरियरवर करिअर केलं." लोक हसले. हार गळ्यात होता म्हणून मी बसून राहिलो. गुरुजी वारले, तोवर त्यांनी माझ्याशी शब्द काढला नाही. समोर आलो की बरगडीवर हात ठेवून वळत.

मास्तर आहे. नव्वदीच्या पुढे गेला आहे, त्याच अंगणात, त्याच जागी बाज टाकून पडलेला असतो. त्याला सगळे ऐकू येते. दूधवाला आला की उठतो, चहा झाला की विचारतो, नातवाने सायकलची घंटी वाजवली तरी रागावतो. मी जाऊन विचारले की मात्र कानाला हात लावतो. "ऐकू येत नाई भाऊ." गेल्या महिन्यात गेलो होतो, तेव्हाही तेच.

त्याची बायको अजून आहे. ती म्हणाली, "कॅरियर आनलं का?"

कॅरियर माझ्याजवळ आहे. पडवीत खुंटीला टांगले आहे, त्याला अजून तेल देतो. मागे कोणी बसले नाही, पुढेही बसणार नाही. ज्या दिवशी मास्तर त्या अंगणात, त्या कडुलिंबाखाली, कंडक्टरसमोर आणि उरलेल्यांसमोर, कोणालाही पाठ न करता आणि मुक्याने नव्हे, मोठ्या आवाजात सांगेल की त्याला माहीत होते की नव्हते, त्या दिवशी मी ते स्वतः नेऊन देईन. त्याआधी नाही. भाव आता वाढणार नाही आणि कमीही होणार नाही.

बोल मास्तर. माहीत होतं का नव्हतं?